पाच गुणांची खिन्नता

रडू येणं, झोप न लागणं आणि मरून जावंसं वाटणं या गोष्टींना मी पाच गुण ठेवले होते.

तसं वर्गात जाहीर केलं, फळ्यावर खडूनं लिहिलंही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होतो, वय सत्तावीस, आणि परीक्षेच्या काळात मुलांना वाटणारी चिंता आणि खिन्नता या विषयावर पीएच.डी. करत होतो. परदेशातली प्रश्नावली मराठीत आणायची, मुलांकडून भरून घ्यायची, बेरजा मारायच्या आणि कुणाचं मन किती दुखतंय ते आकड्यात सांगायचं, असा तो उद्योग. पण फुकटच्या कामाला पोरं बसेनात. मग ट्युटोरियलचे पाच गुण मी त्या कागदाला चिकटवले. पोरं लगेच बसली.

आता माझ्या घरासमोरच्या शाळेत दर मार्चला परीक्षेचं केंद्र पडतं. फाटकापाशी पोलिसांची निळी गाडी उभी राहते, भिंतीवर चढणाऱ्यांना हवालदार काठीनं खाली ढकलतो, आणि मी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा असतो. काठी पडल्याचा आवाज आला की माझा हात आपोआप हनुवटीकडं जातो. बायको आतून म्हणते, "आलाच वाटतं तुमचा मोसम."

मोसमच होता तो, आणि माराचा होता. सोलापुरात मार्च लागला की पहिला हात ऊन उगारायचं. सकाळी नऊलाच डांबर चपलेला चिकटून चप्पल मागं ओढायचं. गल्लीगल्लीतून मागांचा खटक-खटक आवाज यायचा, आणि मला नेहमी वाटायचं की कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत एका लयीत देत बसलंय. खळीचा आंबूस वास, गिरणीचा भोंगा, तापलेली धूळ. त्या दिवसांत जो तो कुणाला तरी मारत होता. बाप मुलाला मारायचा, मुकादम हाताखालच्याला, नवी पेठेत टांगेवाला घोड्याला. आणि कॉलेजात परीक्षा आम्हा सगळ्यांना मारायची.

परीक्षा म्हणजे तेव्हा लढाईच. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला की पत्र्यावर दगड पडायला लागत. हा बाहेरच्या मंडळींचा निरोप असायचा: उत्तरं तयार आहेत, खिडकीशी या. काही पोरं बाकावर बसण्याआधी खिशातला रामपुरी काढून शाईच्या दौतीशेजारी ठेवत. पर्यवेक्षक म्हणून मी त्या वस्तूला कंपासपेटी समजत असे. भूगोलाच्या सरांनी एकदा कॉपी पकडली, तर दुसऱ्या दिवशी ते डोक्याला चार टाके घेऊन कामावर आले. मी मात्र बुटाची नाडी बांधत असे. नाडी बांधण्यात तीन तास कसे काढावेत यावर मला पीएच.डी. सहज मिळाली असती.

या लढाईतला आमचा खरा सेनापती म्हणजे सिद्रामअण्णा, कॉलेजचा शिपाई. पन्नाशीचा, अक्कलकोटकडचा माणूस. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून बांधून बोटांना सुतळीचे घट्टे पडलेले. माझ्या भाषांतराचा पहिला वाचकही तोच. मी शब्दकोशातून विषण्णता, औदासीन्य, उद्विग्नता अशी रत्नं वेचून आणली होती. अण्णानं कागद लांब धरून वाचला आणि विचारलं, "सर, हे भरायचं हाय का म्हणायचं हाय?"

मग आम्ही दोघांनी दुपारभर बसून ती रत्नं काढून टाकली. विषण्णतेच्या जागी 'कशातच जीव रमत नाही' आलं, ते अण्णाचं. 'मोकळ्या हवेत फिरून आल्यावर मला प्रसन्न वाटते' या वाक्यापाशी मात्र तो अडला.

"कुटली हवा ही?"

"बाहेरची."

"मार्चमधी? आपल्या हितली?" त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की, प्रश्नावली आधी मीच भरायला हवी असं मलाही वाटून गेलं.

ती भरून घेण्याचा दिवस मी परीक्षेसारखाच साजरा केला. सवय, दुसरं काय. तोच हॉल, बाकांवर नंबर, घंटा, पाकीट फोडणं. समोर बत्तीस पोरं. प्रत्येक वाक्यापुढं चार रकाने होते: कधीच नाही, क्वचित, पुष्कळदा, नेहमी. त्यातल्या एकात खूण करायची. 'माझ्या छातीत धडधडते' हे वाक्य वाचून दत्ता पैलवानानं हात वर केला. दत्ता म्हणजे तालमीतला गडी, मानेचा पत्ता नसलेला, तिसऱ्यांदा त्याच वर्गात बसलेला. "सर, बैठका मारायच्या आधी का नंतर?"

"तुला जसं वाटतं तसं लिही."

"पुरवणी मिळंल का?" मागून एकानं विचारलं.

मी म्हणालो, वेळ पाऊण तास, बोलायचं नाही, स्वच्छ अक्षरात लिहा. आणि वर्तमानपत्र घेऊन व्हरांड्यात जाऊन बसलो. त्या हॉलमध्ये सर बाहेर गेले की पेनांना काय करायचं ते शिकवावं लागत नसे.

घरी येऊन बेरजा मांडल्या आणि मी खुर्चीतून उठलोच. बत्तीसच्या बत्तीस कागदांवर खिन्नता टोकाची. 'मला मरून जावेसे वाटते', याच्यापुढं बत्तीस वेळा 'नेहमी'. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. मी त्याच संध्याकाळी पुण्याच्या माझ्या मार्गदर्शकांना आंतर्देशीय पत्र लिहिलं की सोलापुरात खिन्नतेची साथ आहे आणि ती मला सापडली आहे. पत्र पेटीत पडल्यावर वाटेत शंका आली. रोज शेरभर दूध पिऊन, मूठभर बदाम फोडून आखाड्यात माती उडवणाऱ्या दत्तालाही नेहमी मरावंसं वाटतं? पण शास्त्रापुढं शंकेचं काय चालतं.

दुसऱ्या दिवशी अण्णानं तो गठ्ठा नुसता पत्त्यांसारखा पिसून पाहिला. चष्माही लावला नाही.

"कॉपी हाय, सर."

"अहो, मनात काय वाटतं त्याची कॉपी कोण करेल?"

"पाच मार्काला हाय की."

मला असा राग आला की, त्या रागानंच मी पुढचं सगळं केलं. तासाला गेलो, गठ्ठा टेबलावर आपटला, प्रत्येक कागदावर लाल पेनानं फुली मारली होती ती दाखवली आणि सगळ्यांना शून्य दिलं. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला मास्तर. मी म्हणालो, "आणि ज्याचं बघून तुम्ही उतरवलंत ना, तो तर तुमच्यातला सगळ्यात मोठा गाढव. असलं रडकं लिहिण्यापेक्षा त्यानं बांगड्या भराव्यात." वर्ग हसला. वर्ग हसला की मला नेहमी आपण चांगलं शिकवतो असं वाटे. तेव्हाही वाटलं. नंतर मी कितीदा डोळे मिटून तो वर्ग पुन्हा बघायचा प्रयत्न केला, कोण हसत नव्हतं ते शोधायचा. दिसत नाही.

तास संपल्यावर अण्णा सुतळी घेऊन गठ्ठा बांधायला आला. गाठ मारता मारता थांबला. पंखा वर कुरकुरत होता.

"सर, कॉपी म्हंजे कुनाची तरी कॉपी. एकतीस जनांनी उतरवलं. मग बत्तिसाव्यानं काय केलं?"

त्यानं गाठ आवळली.

"एकानं खरं लिवलंय की."

त्या गठ्ठ्यात एक पोरगं होतं, ज्यानं माझ्यावर विश्वास ठेवून कागदाला खरं सांगितलं होतं. आणि मी त्यावर लाल फुली मारून, वर्गासमोर त्याला गाढव म्हणून आलो होतो. कोण, ते मला माहीत नव्हतं.

अण्णाला मात्र शोधायची रीत माहीत होती. त्यानं दार लावलं, सगळे कागद फरशीवर पसरले आणि गुडघ्यावर बसून रांगत फिरायला लागला. "खाडाखोड बगा. उतरवनारा कधी खोडत न्हाय. त्याला कुटं विचार करायचाय." एकतीस कागद धुतल्यासारखे स्वच्छ निघाले. एकावर जागोजाग खोडलेलं होतं. मरणाच्या त्या वाक्यापुढं पहिली खूण 'कधीच नाही'च्या रकान्यात होती, ती खोडलेली. मग 'क्वचित', तीही खोडलेली. 'पुष्कळदा' खोडलेलं. मग 'नेहमी', आणि तिथं पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं होतं. कागद खिडकीकडं धरला तर त्या भोकातून ऊन आत आलं.

एवढं सगळं त्यानं पाऊण तासात, पाठीत कुणाची तरी कोपरखळी खात लिहिलं होतं.

त्याचं नाव नागनाथ. मोहोळकडच्या एका खेड्यातला, हडकुळा, वर्गात पहिला. तालमीमागच्या गल्लीत खोली घेऊन राहायचा. दत्तानं त्याला वर्षभर पाळला होता, म्हणजे परीक्षेत आपल्या पुढच्या बाकावर बसायला आणि पेपर तिरका धरायला. सहामाहीला नागनाथनं नकार दिला, तर त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं दाराच्या फटीत घालून दार लावलं होतं. आता वार्षिक परीक्षा दहा दिवसांवर. उत्तरपत्रिका दाखवली तर पकडला जाणार आणि वर्ष फुकट जाणार, नाही दाखवली तर पुढचं दार उजव्या हाताला. बाप गावाकडनं आला की टक्के विचारायचा आणि कमी पडले म्हणून भर रस्त्यात पायातली वहाण काढायचा. हे सगळं अण्णाला माहीत होतं. कॉलेजच्या सगळ्या भिंतींना माहीत होतं. चिंता मोजायला आलेल्या मला तेवढं माहीत नव्हतं.

"पोराला गुपचूप घरी बोलवा," अण्णा म्हणाला. "मी आनतो संध्याकाळी. तुमी काय करू नका."

मला काही न करता येत असतं तर हा लेखच लिहावा लागला नसता. दुपारी हॉलतिकिटं वाटत होते. खिडकीपाशी शंभर पोरांची झुंबड, दत्ता आणि त्याची दोन-तीन माणसंही होती. मला लांबून नागनाथ दिसला आणि माझं मन भरून आलं. मी व्हरांड्यातून मोठ्यानं हाक मारून त्याला सांगितलं की तुझ्या पेपराबद्दल मला सगळं कळलंय, एकटा येऊन भेट, कुणाला घाबरू नको.

ती शंभर पोरं गप्प झाली. दत्तानं नागनाथकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली, चुगलखोराची ओळख पटल्यासारखी.

तीन वाजता सायकल स्टँडमागं त्यांनी त्याला धरला. मी ऐकून धावत गेलो तेव्हा तो मातीत पालथा होता, दोघं कमरेत लाथा घालत होते आणि दत्ता त्याच्या उजव्या पंजावर पाय देऊन उभा होता, तंबाखू मळत. नागनाथ ओरडत नव्हता. प्रत्येक लाथेला त्याच्या तोंडातून फक्त हवा निघत होती. मी मधे पडलो. हातात सांख्यिकीचं जाडजूड पुस्तक होतं, ते मी एकाच्या डोक्यात घातलं. त्यानं वळून बघितलं, इतकंच. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय. मी दत्ताला विचारलं, "तुला असं किती वेळा वाटतं?"

"आत्ता वाटतंय," तो म्हणाला आणि त्यानं मला मारलं.

एकच ठोसा. जबड्यात काहीतरी ऊस मोडल्यासारखं वाजलं. मी सायकलींच्या रांगेवर पडलो, ती सगळी रांग एकामागून एक आडवी होत गेली, आणि आडवा पडून मी चाकाच्या आऱ्यांतून पुढचं बघितलं. मला मारायला दत्तानं पाय उचलला होता. नागनाथचा हात सुटला. शेजारीच हवा भरायचा पंप होता, लोखंडी पायाचा. नागनाथनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि दत्ताच्या डोक्यात घातला. दत्ता गुडघ्यावर आला. नागनाथनं पुन्हा घातला. रक्त भसकन कपाळावर उतरलं, दत्तानं हात वर केले, बाकीचे पळाले, आणि तो पंप तिसऱ्यांदा वर गेला. नागनाथच्या तोंडावर राग नव्हता. खडू पुसल्यावरच्या फळ्यासारखं तोंड होतं ते. तेवढ्यात अण्णानं मागून येऊन त्याला कवेत धरला आणि तसाच उचलून घेऊन गेला. पाय हवेत, हातात पंप. तिसरा घाव बसला असता तर दोन पोरं गेली असती, एक मातीत आणि एक तुरुंगात.

पोलिसात कुणी गेलं नाही. मोहोळच्या काडी पैलवानानं आपलं डोकं फोडलं हे दत्ता कुठल्या तोंडानं सांगणार. त्यानं आपला हिशेब आपणच पुरा करायचं ठरवलं. नागनाथचे दोन्ही हात काढणार, असं तालमीतून कळवण्यात आलं. सरकारी दवाखान्यात माझा जबडा तारेनं बांधून वरून पट्टा आवळला. महिनाभर बोलायचं नाही, ताक आणि पेज. डॉक्टर म्हणाले, मास्तर माणसाला जड जाईल.

नागनाथला अण्णानं आपल्या घरात नेऊन टाकलं. अण्णाची बायको गौराक्का. तिनं त्याची पाठ हळदीनं शेकली, खाली गेलेले डोळे बघितले आणि नवऱ्याला म्हणाली, ह्याला एकटं सोडायचं न्हाय. मग तिनं जे केलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. दाराच्या चौकटीला कडुलिंबाचे टहाळे बांधले, उंबऱ्यापाशी पाण्याची कळशी ठेवली, नागनाथच्या तोंडावर नि हातांवर दवाखान्यातल्या गुलाबी औषधाचे ठिपके काढले आणि गल्लीत सांगितलं की घरात आई आल्यात. कांजिण्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दत्ता डोक्याला फडकं बांधून चौघांना घेऊन आला. हातात काठ्या होत्या. नागनाथला बघायला गेलेला मी आत खाटेवर पेज पीत होतो, फटीतून मला दिसत होतं. दाराशी येऊन ते थांबले. दत्तानं टहाळे पाहिले. मग त्यानं काठी भिंतीला टेकवली, चपला काढल्या, दोन्ही हात जोडून उंबऱ्याला डोकं लावलं आणि काठी उचलून निघून गेला. जाताना गौराक्काला म्हणाला, "आक्का, आईला सांगा, चुकलं असंल तर पोटात घाला." ज्या माणसाला प्राचार्य, पोलीस आणि मानसशास्त्र यांपैकी कशाचंच भय नव्हतं तो एका टहाळीपुढं वाकला.

परीक्षेलाही तेच कामी आलं. साथीच्या आजाऱ्यासाठी वेगळी खोली द्यायची रीत होती. व्यायामशाळेमागची अडगळ झाडून नागनाथला एकट्याला बसवलं. पर्यवेक्षणाला कुणी यायला तयार होईना, मला लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या, म्हणून मला धाडलं. लांबून पत्र्यावर दगड पडत होते, हॉलमधून आरडाओरडा ऐकू येत होता, काचा फुटत होत्या. आणि इथं एक पोरगं, एक बांधलेल्या तोंडाचा मास्तर. पहिल्या पेपरला नागनाथ कागद उजवीकडं तिरका धरून, मान आखडून लिहीत होता. मागं कुणी नव्हतं तरी. दुसऱ्याला थोडा सरळ झाला. तिसऱ्या पेपराला तो कागद समोर धरून, कोपर टेकून, वाकून लिहायला लागला, आणि मधेच पेन थांबवून खिडकीबाहेर बघत बसला. मी मोजलं नाही किती वेळ. माझ्या पीएच.डी.मधलं ते एकच निरीक्षण खरं, आणि ते प्रबंधात नाही. प्रबंध मी पुढं दुसऱ्याच विषयावर केला.

एका दुपारी वाटेत दत्तानं मला गाठलं. पट्टा बांधलेला मी, फडकं बांधलेला तो. त्यानं डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "सर, तुमी शिकलेला मानूस. खरंच आई आल्यात का?" मी विज्ञानाचा माणूस. देवीबिवी काही नसते, हा विषाणूचा आजार असतो, आणि या पोराला तर तोही झालेला नाही, हे सगळं माझ्या ओठापर्यंत आलं. अगदी तावातावानं आलं. तारेतून फक्त "हूं, हूं" एवढंच बाहेर पडलं. त्यानं हात जोडले आणि गेला.

शेवटचा पेपर झाला, चार दिवसांनी माझी तार निघाली, आणि मी तडक अण्णाच्या घरी गेलो. नागनाथ जेवत होता. कडक भाकरी, शेंगाची चटणी, ताटाशेजारी गावाकडं जायची पिशवी भरून ठेवलेली. माझ्या खिशात प्रश्नावली होती. ती काढली नाही. महिन्याभरानं तोंड उघडत होतो, जबडा कुरकुरला, आणि मी त्याला साधं विचारलं, मरावंसं वाटतं का रे अजून?

गौराक्काचा हात परातीत थांबला. अण्णानं माझ्याकडं बघितलं नाही. नागनाथनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, चघळत राहिला. मग म्हणाला, "आज न्हाय वाटत, सर. मधी रोज वाटायचं. आता एकाआड एक."

"वाटलं तर काय करशील?"

"हितं येईन. आक्का म्हनल्यात."

गौराक्कानं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मला इतकं हलकं वाटलं की माझी जीभ सुटली ती सुटलीच. महिन्याचं तुंबलेलं होतं. मी अण्णाला दत्ताची गोष्ट सांगितली, वाटेत त्यानं कसं विचारलं ते सांगितलं, आणि मी त्याला अंधश्रद्धेबद्दल चांगलं स्पष्ट खडसावणारच होतो, कांजिण्या वगैरे काहीही नाहीत हे तोंडावर सांगणारच होतो, पण ही तार आड आली, असं म्हणालो.

गौराक्कानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदरानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुमचं थोबाड फुटलं म्हनून पोरगं वाचलं, मास्तर. न्हायतर तुमी बोलला असता की."